बेसिनमधला लाल ठिपका

ब्रश करताना रक्त येतं. आपण चूळ भरतो, नळ सोडतो आणि ऑफिसला पळतो. दुखत नाही ना, मग कशाला टेन्शन! पण न दुखणं हीच तर या दुखण्याची खरी खोड आहे...

सकाळचे साडेआठ. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर एडिटरचा मेसेज, 'कॉपी कुठंय?' थुंकले, तर पांढऱ्या बेसिनमध्ये एक लाल ठिपका. नळ सोडला. ठिपका गेला. विषय संपला!

हा विषय मी जवळपास दीड वर्ष रोज सकाळी असाच संपवत होते. मधल्या काळात ब्रश बदलला, मग टूथपेस्ट बदलली. लवंगवाली झाली, मिठाची झाली, सात जडीबुटींची झाली. शेवटी स्वतःच एक भन्नाट आयडिया काढली. जिथून रक्त येतं, तिथे ब्रश फिरवायचाच नाही! चार दिवस ठिपका दिसला नाही. मी खूश. तोंडाच्या त्या कोपऱ्यात राहणारे माझ्याहून खूश असणार, पण ते तेव्हा माहीत नव्हतं.

मी नांदेडची. घरी बसून चार मासिकांसाठी लिहिते. म्हणजे चहा जास्त, झोप कमी आणि रात्री दीडला लेख पाठवून तसंच आडवं व्हायचं. रात्रीचा ब्रश? तो टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाळं करतात!

'रागावणार नसशील तर...'

लातूरच्या क्लासेसवर एक स्टोरी करायची होती, म्हणून लोहा-अहमदपूर करत एसटीने लातूरला गेले. मुक्काम मावशीकडे. संध्याकाळी कॉलेजची मैत्रीण भेटली. ती तिथे एका खासगी बँकेत लोन डेस्कवर आहे. टपरीवर दोन कटिंग मागवले, गप्पा रंगल्या. मी अगदी जवळ जाऊन तिला ऑफिसातलं गॉसिप विचारत होते आणि ती थोडी थोडी मागे सरकत होती.

'ए, रागावणार नसशील तर एक सांगू?' ती म्हणाली, 'तुझ्या तोंडाला वास येतोय गं.'

धरणी दुभंगावी आणि मी त्यात जावं, असं झालं. मी बाई इंटरव्ह्यू घेऊन पोट भरते! गेल्या वर्षभरात किती जणांच्या तोंडासमोर रेकॉर्डर धरून बसले, ते मोजायला लागले. मैत्रिणीने पर्समधून मिंटची डबी काढली नाही. तिने तिच्या डेंटिस्टचा नंबर काढला. तेव्हापासून ती माझी बेस्ट फ्रेंड आहे.

तीन, दोन, तीन... पाच!

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत. मला वाटलं होतं, डॉक्टर दात बघतील, 'साफ करू' म्हणतील, संपलं. त्यांनी दात बघितलेच नाहीत. एक बारीक, टोकाला गोळी असलेली, मिलिमीटरच्या खुणा केलेली सळई काढली आणि दात अन् हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सोडली. मग आकडे सांगायला सुरुवात केली. शेजारी असिस्टंट ते लिहून घेत होती.

'तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. तीन, चार, पाच.'

स्कोअर वाढला की टाळ्या वाजवायच्या असतात. इथे मात्र डॉक्टरांचा आवाज प्रत्येक वाढत्या आकड्याला खाली जात होता. फंडा असा आहे की निरोगी हिरडी दाताला चिकटून बसलेली असते. मधली फट एक ते तीन मिलिमीटरची असते. चार किंवा त्याहून जास्त भरली, तर हिरडी दातापासून सुटायला लागली असं समजायचं. त्या फटीला म्हणतात 'पॉकेट'. माझ्या मागच्या दाढांशी पाच-पाचची चार पॉकेटं निघाली. मी जिथे ब्रश फिरवायचं बंद केलं होतं, बरोब्बर तिथेच!

'वय किती?' डॉक्टरांनी विचारलं.

'अठ्ठावीस.'

'घरात कुणाचे दात लवकर पडलेत?'

मी गप्प झाले. डोळ्यासमोर आली दिवाळी. चकली चहात बुडवून मऊ करून खाणारी माझी आई. वय वर्षं त्रेपन्न.

टाकीतली बुळबुळ

आता थोडं सायन्स. कंटाळू नका, इंटरेस्टिंग आहे.

आपल्या तोंडात बॅक्टेरियाच्या सातशेहून जास्त जाती सापडल्या आहेत. ते पहिल्यांदा पाहिले हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापड व्यापाऱ्याने, अँटनी व्हॅन लेव्हेनहुकने. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्याने आपल्याच दातांवरचा पांढरट थर धरला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. गंमत म्हणजे हा गडी रोज मिठाने दात घासायचा. मिठाची पेस्ट विकत घेणाऱ्यांनी (त्यात मीही आले!) याची नोंद घ्यावी.

त्या पांढऱ्या थराला आज 'प्लाक' म्हणतात. तो समजायला लातूरसारखं शहर नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. त्या काळात मावशीच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे तिथे ड्रम, टाक्या, पिंप. पाणी साठवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ड्रम नुसता खळबळून काढला तर आतली बुळबुळ जात नाही. बोट फिरवलं की ती हाताला लागतेच. ती काढायची तर काथ्या घेऊन घासावंच लागतं.

प्लाक म्हणजे हीच बुळबुळ. बॅक्टेरिया सुटे सुटे राहत नाहीत. ते एकमेकांना धरून स्वतःभोवती चिकट थर बांधतात आणि त्यात वस्ती करतात. वरून माउथवॉश ओता, नाहीतर मेडिकलवरून आणलेली गोळी घ्या, आतल्या वस्तीपर्यंत फारसं काही पोचत नाही. थर मोडावा लागतो. न मोडलेला थर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो. त्याला आपण 'कीटण' म्हणतो. ते मग ब्रशच्याही हाती लागत नाही.

सगळेच बॅक्टेरिया वाईट नसतात. दात घासल्यावर पहिल्यांदा येऊन बसतात ते बरेचसे निरुपद्रवी. पण थर जाड होत गेला की आत हवा पोचत नाही आणि हवा नको असणारी मंडळी मुक्कामाला येतात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सिगमंड सॉक्रान्स्की यांच्या टीमने या वस्तीतल्या टोळ्यांना रंग दिले. सगळ्यात डेंजर टोळी लाल. तिच्यात तीन जण आहेत. पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोरसायथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. नावं पाठ करू नका, एवढंच लक्षात ठेवा की हे तिघं खोल पॉकेटमध्ये एकत्र सापडतात. प्रथिनं कुजवून गंधकाचे वायू सोडणाऱ्यांतही ही मंडळी आघाडीवर असतात. माझ्या मैत्रिणीला टपरीवर जे जाणवलं, ते हेच!

जेसीबी आणि घराची भिंत

'म्हणजे हे किडे माझं हाड खातात?' मी विचारलं.

डॉक्टर हसले. 'ते नाही खात. ते तुम्हालाच खायला लावतात.'

मला ही या आजारातली सगळ्यात थरारक गोष्ट वाटली. या बॅक्टेरियांच्या कवचात एक विष असतं, एंडोटॉक्सिन. बॅक्टेरिया मेला, फुटला तरी ते मागे उरतं. जिंजिव्हॅलिस तर त्याशिवाय 'जिंजिपेन' नावाची एन्झाइम्स सोडतो. ती हिरडीतली प्रथिनं कातरतात आणि शरीराच्या बचावयंत्रणेतले धागेही तोडतात. आणखी एक महाशय आहेत, नाव अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स. (हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला माझ्याकडून कटिंग!) त्यांचं ल्युकोटॉक्सिन आपल्या पांढऱ्या पेशींनाच मारतं. तरुण वयात, वेगाने होणाऱ्या हिरड्यांच्या आजाराशी त्यांचं नाव जोडलं जातं.

ही विषं हिरडीत झिरपली की शरीर खडबडून जागं होतं. रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशींची फौज धावत येते. हिरडी लाल होते, सुजते, जरा धक्का लागला की रक्त येतं. आपला लाल ठिपका तो हाच. थर तिथेच राहिला की फौजही मागे फिरत नाही. ती जी रसायनं सोडते, त्यांनी दाताला हाडाशी बांधणारे तंतू विरघळतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात.

अतिक्रमण हटवायला जेसीबी आली. टपरीवाला गल्लीत सरकून बसला. जेसीबी महिनोन्‌महिने तिथेच फिरत राहिली आणि शेवटी तुमच्याच घराची भिंत पाडून गेली. हिरड्यांत नेमकं हेच होतं. हाड गेलं की दात हलतो. दात किडलेला नसतो, धडधाकट असतो. त्याच्या पायाखालची जमीन गेलेली असते. यालाच आपल्याकडे 'पायरिया' म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत पेरिओडोंटायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून जास्त लोकांना हा आजार गंभीर स्वरूपात आहे.

आणि एवढी पाडापाडी चालू असताना दुखत काय असतं? बहुतेकांना काहीच नाही!

बारा जणांनी ब्रश सोडला

घाबरले असाल, तर आता गुड न्यूज. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूसमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठणठणीत हिरड्यांच्या बारा जणांना सांगितलं, दात घासणं बंद. त्यांतले बहुतेक जण डेंटलचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं. साधारण आठवड्यात हिरड्या पूर्ववत!

म्हणजे हिरडी नुसती सुजलेली आहे, हाडापर्यंत प्रकरण गेलेलं नाही, तोवर सगळं परत फिरवता येतं. खर्च एका ब्रशचा. हाड झिजायला लागलं की मात्र ते आपोआप परत येत नाही. मग उरलेलं वाचवायचं. लाल ठिपका हा या दोन टप्प्यांच्या मधला सिग्नल आहे. आणि मी दीड वर्ष तो सिग्नल तोडत होते.

माझी गाडी वेळेवर थांबली म्हणायची. दोन बैठकांत स्केलिंग झालं. पॉकेटांच्या आत, मुळांवरचा थरही साफ केला. दात सळसळले, चार दिवस थंड पाणी झोंबलं. 'पहिले काही दिवस रक्त येईल, तरी तिथेच घासायचं, हलक्या हाताने,' डॉक्टरांनी दटावलं. दहाव्या दिवशी बेसिन स्वच्छ होतं. दोन महिन्यांनी पुन्हा सळई, पुन्हा आकडे. पाचाचे तीन झाले होते, एका जागी चार.

गप्प बसलेल्या हिरड्या

हे सगळं मी आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा एक मित्र कॉलर ताठ करून म्हणाला, 'माझ्या तर हिरड्यातून कध्धीच रक्त येत नाही.' दिवसाला दहा सिगारेटी ओढतो. कंपनी कुठलीही असो, चहाच्या ब्रेकला तो खालीच सापडणार.

त्याला आनंद होण्यासारखं यात काही नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आणि पांढऱ्या पेशींची यंत्रणाच तंबाखूने दबलेली असते. आग विझलेली नाही, फक्त अलार्मची वायर कापलेली आहे. अशांची हाडं जास्त झिजतात आणि उपचारांचा गुणही कमी येतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडीची सवय बंदीने सुटत नाही हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

आणि दुसरी गोष्ट शुगरची. डायबेटिस आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्यांत सूज असेल तर शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्ही बाजूंनी चालणारा हा रस्ता आहे. हृदयविकार, अल्झायमर यांच्याशीही हिरड्यांचा संबंध दिसतो, पण एकामुळेच दुसरा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे 'दात घासा, हार्ट वाचवा' छापाचे फॉरवर्ड पुढे ढकलू नका.

आईची मिश्री

आता खरी परीक्षा होती. आई.

आई चौदाव्या वर्षापासून मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, आणि डोकं दुखलं की मधेच एकदा. तिच्या माहेरी, लोह्याजवळच्या खेड्यात, सगळ्या बायका लावायच्या. त्यात तिला पाच वर्षांपासून शुगर. चार दात गेलेले, समोरचे खालचे दोन हलणारे.

'आई, दवाखान्यात चल.'

'कामून? दुखत नाही की काही.'

'दुखत नाही म्हणूनच चल.'

'आन् ते मशीन लावलं की दात ढिले होतात. शेजारच्या काकूंचे झाले नाहीत का?'

काकूंची केस घरोघरची आहे. दात साफ केले की फटी पडतात, दात हलतात, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. फसवणूक कुठे होते ते मी तिला डॉक्टरांच्या शब्दांत समजावलं. हाड आधीच गेलेलं असतं. दगडासारखं कीटण दोन दातांच्या मधे सिमेंटसारखं बसून त्यांना धरून ठेवतं. ते काढलं, हिरडीची सूज उतरली की आधीच पडलेली फट उघडी पडते. मशीनने भिंत पाडली नाही, फक्त पडलेल्या भिंतीसमोरचा पडदा काढला.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'पण मिश्री लावली नाही तर मला संडासलाच होत नाही गं.' आणि पुढे, खूप हळू, 'इतक्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून तेवढीच एक गोष्ट आहे.'

यावर माझ्याकडे कुठलाही फंडा नव्हता. मिश्री ही सवय आहे, व्यसन आहे, आणि माझ्या आईसारखीला दुपारची पाच मिनिटांची सुट्टीही आहे. नुसतं 'वाईट असतं' म्हणून ती सुटणार नव्हती. मी एवढंच म्हटलं, 'डबी राहू दे. आधी दवाखान्यात तर चल.'

नांदेडच्या डॉक्टरांनी तिची सळई घातली तेव्हा असिस्टंटला आकडे ऐकून मान वर करावी लागली. सात. आठ. खालचे दोन दात वाचले नाहीत. बाकीच्यांवर उपचार झाले, शुगरच्या गोळ्यांचं टाइमटेबल नीट लागलं. डॉक्टरांनी गालाची आतली बाजू, जीभ, सगळं नीट तपासलं. मिश्रीवाल्यांचं ते आवर्जून तपासतात, कारण कॅन्सरची भीती असते. तसं काही नव्हतं. रिक्षात बसल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, 'हे मला तीस वर्षांमागं कुणी कामून सांगितलं नाही?'

मिश्री पूर्ण सुटली असं खोटं लिहिणार नाही. सकाळची सुटली. दुपारची दोन महिन्यांनी सुटली. डोकेदुखीची अजून कधीमधी चालते. डबी देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे, पण हल्ली तिच्यावर धूळ दिसते.

या दिवाळीला आईने चकली चहात बुडवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाजूच्या दाढेने एक तुकडा कोरडाच मोडला. कुडुम असा आवाज आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

चेकलिस्ट

• रक्त येतं तिथे ब्रश बंद करू नका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि हलक्या हाताने घासा. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं चुकवू नका.

• दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश वापरा.

• दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, हिरडी खाली सरकली, दात लांब दिसायला लागले, पू किंवा वास येत असेल, दात हलत असेल तर डेंटिस्ट गाठा. पॉकेट मोजायला सांगा.

• मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. थर मोडल्याशिवाय नुसत्या गोळीने हा आजार जात नाही.

• पिवळे डाग म्हणजे पायरिया नव्हे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागांत लहानपणापासून दातांवर डाग असतात. दातांचा रंग आणि हिरड्यांचं आरोग्य, दोन वेगळे विषय.

• खर्चाचं टेन्शन? नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि ओपीडीत खर्च खासगीपेक्षा कमी येतो.

• शुगर असेल तर डेंटिस्टला सांगा. हिरड्या खराब असतील तर शुगरच्या डॉक्टरांना सांगा.

आणि हो, उद्या सकाळी नळ सोडायच्या आधी एकदा बेसिनमध्ये बघा.